जंगलात हवेचं प्रदूषण मोजायचंय, आकडे भरवशाचे कसे ठेवायचे?

झाडोरा: दाट जंगलात हवेतला ओझोन आणि पावसातून पडणारा नायट्रोजन मोजायचा आहे. वीज नाही, नेटवर्क नाही. अ‍ॅनालायझर, म्हणजे वायू सतत मोजणारं यंत्र, परवडणार नाही. पॅसिव्ह सॅम्पलर (विजेविना हवेतला वायू शोषून घेतात, मग लॅबमध्ये तपासायचे) आणि पावसाचं पाणी, एवढंच जमेल. काय काळजी घ्यावी?

मोजपट्टी: सोलरवर चालणारा अ‍ॅनालायझर घ्या. आमच्याकडे आहे, दर तासाची नोंद मिळते.

सावली२: परवडणार नाही असं लिहिलंय हो त्यांनी. शिवाय दाट झाडीत पॅनलला ऊन कुठलं? स्वस्त धूलिकण सेन्सरच्याही नादी लागू नका. आमचे धुकं पडलं की भलतेच आकडे दाखवायचे. दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात आणि सेन्सरला ती धूळच वाटते.

मोजपट्टी: आमच्या यंत्रात हवा गरम करून घेतात, हा त्रास नाही.

सावली२: त्यांना ओझोन मोजायचाय, धूळ नाही!

अम्लपर्जन्य: पॅसिव्ह सॅम्पलर चांगलेच आहेत. युरोपात 1985 पासून चालणाऱ्या आयसीपी फॉरेस्ट्स या जंगलांवर प्रदूषणाचा परिणाम तपासणाऱ्या कार्यक्रमातही ते वापरतात. फक्त त्यातून त्या काळाची सरासरी मिळते, दुपारचा चढता ओझोन दिसत नाही. पानं ओझोन शोषतात, म्हणून सॅम्पलर मोकळ्या जागी लावा, वर पावसापासून आडोसा हवा. प्रत्येक फेरीत एक सॅम्पलर न उघडता जंगलात न्या आणि तसाच परत आणा. वाटेत किंवा लॅबमध्ये काही मिसळलं तर त्यावरून कळतं. एकाच जागी दोन-दोन लावा. शक्य असेल तर काही सॅम्पलर एखाद्या अ‍ॅनालायझरशेजारी लावून पडताळा.

पानगळ: यंत्रं कशाला? खोडावरचे लायकेन (दगडफूल) बघा, सगळं कळतं.

अम्लपर्जन्य: लायकेनवरून ताण कळतो, हेक्टरी किती नायट्रोजन पडला ते नाही.

सावली२: न उघडलेला सॅम्पलर ठेवाच. आणि दोन-दोन लावा.

अम्लपर्जन्य: पाण्याचं राहिलं. झाडाखाली थेंब सगळीकडे सारखे पडत नाहीत, म्हणून पाणी गोळा करायला बरीच भांडी लागतात. एक मोकळ्यावरही ठेवा, कारण पानं थोडा नायट्रोजन स्वतःच घेतात आणि खालचं पाणी कमी दाखवतं. फॉस्फेट एकदम वाढलं तर पक्ष्याची विष्ठा समजा, तो नमुना वेगळा काढा. बाटल्या अंधारात, थंड ठेवा, नाहीतर जंतू अमोनियम खातात. लॅबकडून धन आणि ऋण आयनांचा (पाण्यातल्या विद्युतभारित कणांचा) ताळा मागा, दोन्हींचा भार सारखा यायला हवा. झाडाखालच्या पाण्यात सेंद्रिय आम्लं असतात, त्यामुळे तिथे थोडा फरक राहणारच.

मोजपट्टी: इतक्या बाटल्या वाहण्यापेक्षा यंत्र बरं.

झाडोरा: सगळ्यांचे आभार. ओझोन सध्या सोडतोय. पडताळायला जवळपास अ‍ॅनालायझरच नाही, आणि न पडताळलेले आकडे मला छापायचे नाहीत. पाणी मात्र दोन्हीकडे गोळा करणार. आयनांचा ताळा किती टक्क्यांपर्यंत चालवून घेता?