स्पेल (जादू) टाकताना उभं राहाले लावणारे गेमच आपल्यासारख्या लॅगवाल्यांले (नेट हळू असणाऱ्यायले) बरे. पटते का सांगा

वऱ्हाडी_मेज (तेल्हारा)
शिव्या पडतीन हे माहीत हाये तरी टाकून राह्यलो. आजकाल जो तो म्हणते का ऑनलाइन रोल-प्लेइंग गेममधे चालता चालता स्पेल टाकता आलाच पाह्यजे, दोन-अडीच सेकंद उभं राहून कास्ट बार (स्पेल तयार होईस्तोवर भरणारी पट्टी) भरत बसणं जुनाट झालं. २०१२ मधे गिल्ड वॉर्स २ नं बहुतेक स्किल चालताना वापरू दिले तवापासून तेच मॉडर्न. मी उलटं म्हणतो. ज्याचं पिंग (निरोप सर्व्हरले जाऊन परत याचा वेळ) २०० मिलिसेकंदाच्या खाली उतरतच नाही त्याले उभं राहून कास्ट करणाराच गेम परवडते. तुम्ही पळून राह्यले तं तुम्ही कुठी हाये हे तुमच्या मशीनले एक दिसते, सर्व्हरले दुसरं, समोरच्या पोट्ट्याले तिसरंच. उभे असले तं तिघायचं उत्तर एकच. रेंज, मधात भिंत हाये का, कोण वर्तुळात सापडला, सगळा हिशोब जुळते. कास्ट टाइमले लोक दंड समजून राह्यले, मले तं ते आपल्याले भेटलेली मुदत वाटते.

सावजी_टँक (उमरेड)
काहीही बे. हिशोब जुळते आन तू मरते, असं हाये ते. बॉसचं लाल वर्तुळ (इथं मार पडणार म्हणून) जमिनीवर आलं, तुले ते १०० मिलिसेकंद उशिरा दिसलं, तू पाय उचलला तेही सर्व्हरले १०० उशिरा समजलं, दीड सेकंदाची वॉर्निंग होती त्यातली तुले १.३ भेटली आन त्यात तू अर्ध्या कास्टमधे अडकून, सोडू का पूर्ण करू याच्यातच गेलास. चालता कास्टवाल्यात निदान आधीच हलत असतोस. गिल्ड वॉर्समधे डॉज (वार चुकवायची उडी) मारला का पाऊण सेकंद मारच लागत नाही, २०० चं पिंग त्यात आरामात बसते. आन वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टनंच २०१० मधे कॅटाक्लिझम नावाच्या नव्या भागात हंटरले (धनुष्यवाल्याले) फॉक्सवाला आस्पेक्ट (एक खास मोड) दिला ना, चालता चालता बाण मार म्हणून? काहून दिला मंग, उभं राहणं इतकं चांगलं होतं तं?

हीलर_ताई (दर्यापूर)
दोघंही अर्धं अर्धं बोलून राहिले. मी हीलर (टीमला बरं करणारी) आहे, वॉरक्राफ्ट अन फायनल फँटसी १४ दोन्हीत, म्हणजे बॉसपेक्षा जास्त वेळ कास्ट बारच बघते. बार आपल्या स्क्रीनवर भरतो पण स्पेल सुटला की नाही ते तिकडं सर्व्हर ठरवतो अन बातमी आपल्याकडे मागून येते. जुन्या वॉरक्राफ्टमधे याच्यासाठी लोक क्वार्ट्झ नावाचं ॲडऑन (गेमला जोडायचा छोटा प्रोग्राम) टाकायचे, बारच्या शेवटी आपल्या लॅगएवढा लाल पट्टा दिसायचा, पट्ट्यात आला की पुढचा स्पेल दाबायचा, बार संपायची वाट पाहायची नाही. नंतर गेममधेच स्पेलची रांग आली, आता स्पेल संपायच्या ४०० मिलिसेकंद आत बटण दाबलं तरी पुढचा आपोआप लागतो. अन फायनल फँटसीत तर शेवटच्या साधारण अर्ध्या सेकंदात पाय उचलला तरी स्पेल जातो, त्याला स्लाइडकास्ट म्हणतात, आम्ही हीलर लोक त्याच्यावरच जगतो. लाल वर्तुळाचंही तिथं वेगळंच आहे टँकभाऊ, बॉसचा बार संपला त्या क्षणी तुम्ही आत होते का बाहेर एवढंच सर्व्हर बघतो, आग नंतर दिसते, म्हणून नवीन पोट्टे बोंबलतात की मी तर बाहेर होतो. त्यामुळं उभं राहा की चाला हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. शेवटी किती सूट दिली ते सांगा. सूट नसली तर उभं राहूनही बार भरत आलेला असतो अन स्पेल तुटतो.

भारनियमनग्रस्त
इथं लाइनचा पत्ता नाही अन हे मिलिसेकंद मोजून राह्यले 😂

फायबर_पाहिजे (वरुड)
ताईचं बरोबर आहे पण एक गोष्ट राहून गेली. पिंग कायम २०० असलं तर फार बिघडत नाही. कास्ट सुरू झाल्याचा निरोप जेवढा उशिरा गेला तेवढ्याच उशिरा चालायला लागल्याचा निरोप जातो, मधलं अंतर तेवढंच राहते. घोळ होतो पिंग नाचल्यावर, म्हणजे जिटर. एसटी रोज वीस मिनिटं लेट असली तर माणूस वीस मिनिटं उशिरा घरून निघते, पण एक दिवस टायमावर अन दुसऱ्या दिवशी तासभर लेट असली तर काय करणार. सिंगापूरचा सर्व्हर केबलनं ४ हजार किलोमीटर धरा, फायबरमधे उजेड सेकंदाला २ लाख किलोमीटर जाते, जाऊन येऊन झाले ४० मिलिसेकंद. बाकीचं रस्त्यातलं राउटिंग अन आपला टॉवर. संध्याकाळी अख्खं गाव मोबाइल घेऊन बसलं की टॉवरवर रांग लागते. त्यात वॉरक्राफ्ट टीसीपीवर (पॅकेट क्रमानंच पोचवणारी पद्धत) चालते, एक पॅकेट हरवलं का मागचे सगळे अडून बसतात मग एकदम येतात, म्हणून तर सगळे जागच्या जागी पळताना दिसतात अन मग भुर्रकन कुठल्या कुठं. चालण्याच्या बाबतीत हा गेम बराचसा आपल्या मशीनवर भरोसा ठेवते, तू म्हणशील तिथं तू. स्पेलचा निकाल मात्र सर्व्हरचा. एकाच माणसाचे पाय एकाच्या ताब्यात अन हात दुसऱ्याच्या, भांडण तिथं आहे.

वऱ्हाडी_मेज (तेल्हारा)
हेच तं म्हणून राह्यलो भाऊ मी! पाय थांबवले का भांडणच मिटलं. ओल्ड स्कूल रुनस्केप पाहा, तिथं सर्व्हर ०.६ सेकंदाच्या ठोक्यावर चालते, चालणं असो का मारणं, सगळं ठोक्यावरच होते. म्हणून फोनवर, टू-जीसारख्या नेटवर बी खेळता येते. हळू असणं म्हणजे खराब असणं नाही.

सावजी_टँक (उमरेड)
मंग ईव्ह ऑनलाइनच खेळ ना, सर्व्हरवर लोड आला का ते लोक घड्याळच हळू करते, १० टक्क्यापर्यंत. २०१४ ची बी-आर फाइव्हवाली लढाई २१ तास चालली होती. बस मंग उभा, कास्ट करत 😄
पण सिरियसली, तुझ्या रुनस्केपमधे कास्ट बारच नाही, दोन वारांच्या मधात लोक पळूनच घेते. उदाहरण तं माह्याच बाजूचं दिलं तू. आन पीव्हीपीचं (खेळाडू विरुद्ध खेळाडू) कोणीच बोललं नाही. कास्ट बार दिसला का समोरचा किक मारून तोडते, म्हणून चांगले मेज (जादूगार) मुद्दाम कास्ट सुरू करून सोडून देते, त्याची किक वाया घालवाले. २०० वर तुले किक आलेली दिसते तवा स्पेल तुटून गेलेला असते. उभं राहून कास्ट करणं म्हणजे तिथं कपाळावर बोर्ड लावून फिरणं.

हीलर_ताई (दर्यापूर)
किकचं मान्य, एकदम मान्य. अरेनात (पीव्हीपीच्या आखाड्यात) मी हीलर म्हणून जातच नाही आता, इन्स्टंटवाले (बार न लागणारे) स्पेल संपले की संपलं. पण रेडमधे (सगळे मिळून बॉस मारतात तिथं) मेजभाऊचा मुद्दा टिकतो. पंचवीस जण एकदम चालत चालत कास्ट करून राहिले तर डिझाइनवाल्याला त्यांना अडवायला वर्तुळं दुप्पट करावी लागतात अन मग लॅगवाला पहिला मरते. उभं राहायचं बंधन आहे म्हणून तर बॉस सावकाश वॉर्निंग देते.

सावजी_टँक (उमरेड)
हे बरोबर बोलल्या ताई. पण मंग मेलीवाल्यायनं (जवळ जाऊन मारणाऱ्यायनं) काय पाप केलं, ते तं चोवीस तास चालूनच मारते.

वऱ्हाडी_मेज (तेल्हारा)
मेलीवाल्यायचा वेगळा धागा काढ.

फायबर_पाहिजे (वरुड)
भांडण्याआधी सगळ्यांनी एक काम करा. सर्व्हरला शंभर वेळा पिंग मारा अन सरासरी नको, सगळ्यात कमी अन सगळ्यात जास्त हे दोन आकडे टाका इथं. म्हणजे कोणाला पिंगचा त्रास आहे अन कोणाला जिटरचा ते समजून जाईल.

वऱ्हाडी_मेज (तेल्हारा)
टाकतो. रात्री बारा वाजता घेतो, तवा मस्त स्टेबल राह्यते.

सावजी_टँक (उमरेड)
बाराचा नको भौ. आठ वाजताचा टाक. रेड आठले राह्यते.