मदत हवी आहे : दातांच्या व्हेनिअर्ससाठी हप्ते घ्यावेत का?

नमस्कार मंडळी,

लहानपणी जिन्यावरून पडले आणि पुढच्या दाताचा कोपरा उडाला. तेव्हापासून फोटोत ओठ मिटूनच हसते. आता दवाखान्यात सहा व्हेनिअर्स (दातांवर पुढून चिकटवायचे पातळ पापुद्रे) सुचवलेत. एकरकमी भरणं जमणार नाही म्हटल्यावर लगेच हप्त्यांची योजना पुढे आली. काउंटरवरच्या मुलीने टॅब सरकवला, 'मॅडम, इथे फक्त बोटाने सही करा.' मी वाचायला लागले तर तीच भराभर पानं वर ढकलत होती! वर मोठ्या अक्षरांत 'शून्य टक्के व्याज', खाली बारीक अक्षरांत प्रोसेसिंग फी. सही न करता घरी आले.

खरी धास्ती वेगळीच आहे. कर्ज फायनान्स कंपनीचं, दवाखान्याला पैसे आधीच मिळणार. मग काम अर्धवट राहिलं किंवा रंग-आकार पटला नाही, तरी माझे हप्ते चालूच? शिवाय व्हेनिअरसाठी एकदा घासलेलं इनॅमल (दाताचं वरचं कठीण आवरण) परत येत नाही, म्हणजे मध्येच माघार नाही. आणि साधारण 10-15 वर्षांनी ते बदलावे लागतात, तो खर्च वेगळाच.

कुणी थेट डॉक्टरांनाच कामाच्या टप्प्यांनुसार पैसे दिलेत का? ते तयार होतात का? कर्ज लवकर फेडलं तर दंड लागला का? आणि मोडलेला दात एकच असताना नुसतं कंपोझिट बॉन्डिंग (दाताच्या रंगाचा भराव लावून तुटलेला भाग भरून काढणं) केलेलं कुणी आहे का? किती टिकलं? चहा-कॉफीचे डाग पडतात म्हणे, आणि मी तर दिवसाला चार कप पिणारी.