दुकान नक्की बंद कसं होतं? पुण्यातले अनुभव सांगा

नारायण पेठेतल्या आमच्या गल्लीत करोनाआधी सायकलवाला, शिंपी, दोन किराणे आणि एक स्टेशनरी होती. आता एक किराणा उरलाय. बाकी ठिकाणी मोमोज, मोबाइलची कव्हरं आणि 'भाड्याने देणे आहे'ची पाटी. 'पूर्वीचं पुणं राहिलं नाही' हे सगळ्यांना माहीत आहे, तेवढं कृपया लिहू नका. आधी काय थकतं, भाडं की माणूस? शिल्लक मालाचं, उधारीचं, नोकरांचं काय होतं? दुकानदार, घरचे, नोकर, गिऱ्हाईक, कुणीही लिहा. दुकानांची नावं नकोत, परिसर पुरे.

वहीवाला, अप्पा बळवंत चौक

आमचं वह्या-गाइडांचं दुकान. कमाई मे ते जुलै, बाकीचे महिने दुकान नुसतं उघडं ठेवायचं. २०२०च्या सीझनचा माल आधीच भरून ठेवला होता. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला आणि पाठोपाठ टाळेबंदी. जूनमध्ये दुकानांना पी-१, पी-२ची आलटून-पालटून पाळी आली. आज रस्त्याची ही बाजू उघडी, उद्या समोरची. उघडून तरी काय, शाळा मोबाइलवर भरत होत्या. वह्या पडून राहिल्या तर फक्त कडा पिवळ्या पडतात. गाइडांचं तसं नाही, अभ्यासक्रम बदलला की ती किलोच्या भावानं जातात. प्रकाशक परतीचा माल ठरावीक मर्यादेपर्यंतच घेत आणि पैशांऐवजी क्रेडिट नोट देत. म्हणजे अडकलेले पैसे सोडवायला पुन्हा त्यांचाच माल उचलायचा. शाळा सुरू झाल्या, तर बऱ्याच ठिकाणी वह्यांचा संच शाळेतूनच मिळायला लागलेला.

आता खरं सांगतो. दुकान पागडीचं होतं, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्यानं घेतलेलं. भाडं ऐकून लोक हसायचे. 'भाडं परवडेना' आमच्याबाबतीत साफ खोटं. १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्यापासून पागडीची देवघेव राजरोस करता येते. मालकाची संमती लागते आणि त्याचा वाटा द्यावा लागतो. वाडा पुनर्विकासाला निघालाच होता. दुकान चालवून जे कधी हाताला लागलं नसतं, ते सोडून लागलं. बाबा हे कुणाला सांगत नाहीत. कुणी विचारलं की 'करोनानं बुडवलं' म्हणतात.

फळीवरची बरणी, सहकारनगर

आमचा किराणा. टाळेबंदीत आम्ही बुडालो नाही, उलट इतका धंदा त्याआधी कधीच झाला नव्हता. दुकानासमोर चुन्याचे गोल आखले होते, त्यात ज्यांना आजवर फक्त गाडीच्या काचेआड पाहिलं होतं अशी मंडळी पिशव्या घेऊन उभी असायची. ह्यांना वाटलं, आता ही गिऱ्हाइकं आपलीच. त्या जोरावर फ्रीजर घेतला, हप्त्यानं.

निर्बंध उठले आणि ती मंडळी गेली. राहिले ते जुनेच, उधारीवाले. मॉलमधल्या ऑफरात तेलाची पिशवी माझ्या खरेदीपेक्षा स्वस्त मिळायची, तेव्हा मी स्वतः तिथून आणून दुकानात ठेवल्यात. पुढे दहा मिनिटांत घरपोच देणारे आले. मग आमच्याकडे फक्त विसरलेल्या वस्तू विकल्या जायला लागल्या. कढीपत्ता, काडेपेटी, पाच रुपयांची हळद. त्यावर फ्रीजरचा हप्ता निघत नाही.

बंद करायच्या महिन्यात उधारीची वही माझ्याकडे आली. ह्यांनी नावं लिहिलीच नव्हती. 'तिसरा मजला', 'पांढरी स्कूटर', 'जोशीकाकूंची भाडेकरू', 'दूधवाला (मोठा)'. कोण कुठला ते ह्यांच्या डोक्यात. दोघं दारोदार फिरलो. धुणीभांडी करणाऱ्या दोघींनी सगळे फेडले, एकीनं दोन वेळा विभागून. 'तिसरा मजला'वाल्यांनी यूपीआय चालत नाही म्हणून सांगितलं, महिनाभर त्यांचं यूपीआय चालत नव्हतं. शेवटी मीच नाद सोडला. फ्रीजर अर्ध्या किमतीत गेला.

गाळा गेला, कॅम्प

फॅशन स्ट्रीटला २६ मार्च २०२१च्या रात्री आग लागली, त्यात आमचं गेलं. शेकडो गाळे जळाले. पाडवा आणि रमजान पाठोपाठ होते, त्यामुळे माल गळ्यापर्यंत भरलेला, त्यातला बराच उधारीवर आणलेला. विमा नव्हता. पुढच्याच महिन्यात पुन्हा निर्बंध लागले. कापड जळलं तरी त्याचं बिल जळत नाही. व्यापाऱ्यानं घाई केली नाही, पण दर सोमवारी फोन यायचा. बरेच जण पुन्हा उभे राहिले. मी आता दुसऱ्याच्या गाडीवर डिलिव्हरी करतो. वरच्या ताई ज्यांच्यामुळे दुकान गेलं म्हणतात, त्यांच्यातलाच एक. राग मानू नका.

फळीवरची बरणी

राग कसला दादा. आमच्याकडे आलात तर चहा घेऊन जा.

एक ते चार, एरंडवणे

मी नुसता गिऱ्हाईक. शिव्या पडतील, तरी लिहितो. कर्वे रस्त्यावरच्या एका हार्डवेअरच्या दुकानात वर्षानुवर्षं जायचो. दुपारी बंद हे ठीक, माणसाला जेवायला, पडायला नको का? पण साडेबाराला गेलं तरी 'आता आवराआवर चाललीय'. स्क्रू बदलून मागितला तर 'नेताना बघायचा होता'. ऑनलाइन मागवलेला नळ न बोलता परत घेतात, हे कळल्यावर मी परत गेलो नाही. ते दुकान बंद झालं तेव्हा मला हळहळ वाटली, पण खोटं कशाला बोलू, आश्चर्य वाटलं नाही.

नळस्टॉपचा

@एक ते चार, त्याच पट्ट्यात आमचं चष्म्याचं होतं. तुमचं म्हणणं निम्मं मान्य. पण पुलाचं आणि मेट्रोचं काम चालू होतं तेव्हा दुकानासमोर पत्रे होते, तेही आठवा. दुचाकी लावायला जागा नाही म्हटल्यावर पुणेकर थांबत नाही. ६ मार्च २०२२ला वनाझ ते गरवारे मेट्रो सुरू झाली. काम व्हायलाच हवं होतं, मीही मेट्रोनंच जातो. फक्त गिऱ्हाईक आता डोक्यावरून जातं. चष्म्याची पाटी खालून वाचायची असते.

गादीवरचा

लक्ष्मी रस्त्यावर साडीच्या दुकानात सेल्समन होतो, लग्न झालं त्याच्या आधीपासून. मालकांच्या मुलाला धंद्यात रस नव्हता, तो परदेशात. मालक देवमाणूस वगैरे सगळं खरं. दुकान बंद करताना प्रत्येकाच्या हातात पाकीट दिलं, डोळ्यांत पाणी होतं. पाकिटात दोन पगार.

नंतर कुणीतरी ग्रॅच्युइटीबद्दल सांगितलं. पाच वर्षं झाली की वर्षाला पंधरा दिवसांचा पगार. पण तो कायदा दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी लागतो आणि आमचं दुकान कायम सात-आठ जणांचं. दिवाळीत, लग्नसराईत जास्तीची पोरं यायची, पण ती मस्टरवर नव्हती. मालकांना कायदा ठाऊक होता की नाही, माहीत नाही. मी विचारलं नाही. अजून दसऱ्याला पाया पडायला जातो.

जमाखर्च, शनिवार पेठ

व्यवसायानं कर सल्लागार. वर कुणी लिहिलं नाही म्हणून सांगतो: शटर ओढलं म्हणजे दुकान बंद झालं असं होत नाही. जीएसटीची नोंदणी रद्द करायला अर्ज करावा लागतो आणि रद्द झाल्यावर तीन महिन्यांत जीएसटीआर-१०, म्हणजे अंतिम विवरणपत्र भरावं लागतं. शिल्लक मालावर खरेदीच्या वेळी जी कराची वजावट घेतली असेल, तिचाही हिशोब चुकता करावा लागतो. दुःखात असलेल्या माणसाला हे कोण सांगणार? मग वर्षभरानं नोटीस येते आणि मग ते माझ्याकडे येतात. आधी या.

फळीवरची बरणी

जमाखर्च, हे आमच्या ह्यांनी केलेलं नाही बहुतेक. फ्रीजर विकला त्याचंही दाखवावं लागतं का?

जमाखर्च

नोंदणी चालू असताना विकला असेल आणि घेताना वजावट घेतली असेल, तर हो. खरेदीचं बिल शोधून ठेवा.

नळस्टॉपचा

आणि लाकडी काउंटर, काचेची कपाटं कुणी घेतं का? माझी अजून भावाच्या पार्किंगमध्ये पडून आहेत, वहिनी रोज विचारते.

वहीवाला

जुन्या बाजारात चौकशी करा, बुधवारी किंवा रविवारी. काउंटर जातो. काचेची कपाटं जात नाहीत, आमची दोन आहेत. हवी असतील तर तीही घेऊन जा.