मदत हवी आहे: नवरा सोडून गेलाय, घटस्फोट नाही, मुलगा सीपी. एकटी असल्याचा कागद आणायचा कुठून? (नाशिक)

नमस्कार. इथे बरेच दिवस नुसती वाचत असते, पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी सिडकोत आईकडे राहते. मुलगा ९ वर्षांचा आहे, सीपी म्हणजे सेरेब्रल पाल्सी (मेंदूमुळे हातपाय नीट चालत नाहीत), यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, ते कार्ड निळं म्हणजे ८० टक्क्यांच्या वरचं. आधार दिला की बसतो, चालत नाही, बोलतो पण ते मला आणि आईलाच कळतं. नवरा ४ वर्षांपूर्वी गेला तो गेलाच. नंबर बंद, सासरचे येवल्याकडचे, ते म्हणतात आम्हालाच माहीत नाही कुठे आहे. मी कोर्टात गेले नाही कारण आधी वाटायचं येईल परत, आणि नंतर मुलाचं करता करता दिवस कसे गेले कळलंच नाही.

अंबडला एका कंपनीत ठेकेदाराकडून पॅकिंगला आहे, महिन्याला १२ हजार, खाडा झाला की त्या दिवसाचा पगार कट. सरकारी ऑफिसं शनिवार रविवार बंद, माझी सुट्टी रविवारची, म्हणजे एका सहीसाठी गेलं तरी खाडा आहेच.

योजनांची यादी प्लीज नका देऊ, ती वहीत लिहून ठेवलीय. माझं अडलंय कागदावर. संजय गांधी निराधारमध्ये दिव्यांगांना आता २५०० मिळतात पण घरचं उत्पन्न वर्षाला ५० हजाराच्या आत लागतं, म्हणजे महिन्याला ४ हजार आणि थोडे वर. मी कामाला जाते म्हणून पोराचं अपंगत्व कमी होतं का? आणि काम सोडलं तर नियमात बसेन पण मग २५०० मध्ये तिघांनी खायचं काय. बरं ते सोडून दिलं. पण जिथे उत्पन्नाचं अडत नाही तिथे विचारतात वडील कुठे आहेत. एका ऑफिसात तर तोंडावर सांगितलं, घटस्फोटाची ऑर्डर आणा नाहीतर मिस्टरांची सही आणा. लाडकी बहीणच्या ई-केवायसीला पण तेच झालं, नवऱ्याचं नाहीतर वडिलांचं आधार मागितलं, माझे वडील वारलेत. मेलेल्याचा दाखला मिळतो हो, सोडून गेलेल्याचा दाखला कोण देतं?

रेशनला माझं नाव अजून सासरच्यांच्याच कार्डावर आहे, ते कमी करून देत नाहीत.

त्यात गेल्या महिन्यात मुलाचं आधार अपडेट करायला नेलं. नवीन जागा, गर्दी, तो घाबरला की मूठ घट्ट होते, अंगठा आत. मी मांडीवर घेऊन मनगट खाली वाकवलं, एक एक बोट चोळून सोडवलं, तर्जनी ठेवली मशीनवर तोवर अंगठा परत आत. चार वेळा केलं. मागे रांग, ऑपरेटर म्हणाला ताई पुढच्या वेळी शांत करून आणा. तो शांतच होता हो, रडत सुद्धा नव्हता, हात ऐकत नाही त्याचा. घरी आल्यावर आईच्या कुशीत गेला आणि पाचच मिनिटांत मूठ आपोआप उघडली. त्या दिवशीचा पण खाडा पडला.

तर मला एवढंच सांगा, नवरा सोबत नाही हे कोर्टाच्या ऑर्डरशिवाय कसं दाखवायचं, आणि कुठला कागद आधी काढू म्हणजे बाकीचे त्याच्यावर निघतील. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगितलं तर फार बरं होईल.

प्रतिसाद: पंचवटीकर_आई

ताई, मी पण यातूनच गेलेय, माझी मुलगी आता १४ ची आहे. घटस्फोटाच्या मागे आत्ता लागू नका, आधी पोटगीचा अर्ज करा, मुलासाठी आणि स्वतःसाठी. पूर्वी १२५ कलम म्हणायचे, जुलै २०२४ पासून नवीन कायद्यात ते १४४ झालंय. नवरा सापडेल न सापडेल तो भाग वेगळा, पण अर्ज दाखल झाला की केस नंबर पडतो आणि तुमच्या हातात कोर्टाच्या शिक्क्याची प्रत येते, त्यात लिहिलेलं असतं की तो अमुक तारखेपासून सांभाळत नाही. माझे पुढचे सगळे कागद त्या एका प्रतीवर हलले, रेशनकार्डाचं सुद्धा. सोबत एक प्रतिज्ञापत्र जोडायचे. अजून एक, आपल्या मुलांना पोटगीचा हक्क १८ ला संपत नाही, स्वतःचं पोट भरू शकत नसेल तर पुढेही राहतो.

वकिलाच्या फीची काळजी करू नका. सीबीएस बसस्टँडजवळ जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथे बायकांना, मुलांना आणि दिव्यांगांना मोफत वकील मिळतो आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. हे मला दोन वर्षं कोणी सांगितलं नव्हतं, तोवर एका वकिलाला फुकट पैसे देऊन बसले होते.

दुसरं काम बाल संगोपन योजना. महिन्याला २२५० आणि ती एकच पालक असलेल्या मुलांनाही मिळते. जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात अर्ज द्यायचा, मग गृहभेट होते, मग बाल कल्याण समिती ठरवते. घरासमोर मुलासोबत काढलेला फोटो तयार ठेवा. गृहभेटीला सगळं खरं सांगा, घर आवरून चांगलं दाखवायचा प्रयत्न करू नका, मी तोच केला होता.

प्रतिसाद: एकटा_बाबा_नारोड

बायको जाऊन ६ वर्षं झाली, मुलगा ऑटिझम. आधारचं सांगतो, बोटं घेता येत नसतील तर बायोमेट्रिक एक्सेप्शन नावाची सोय असते, ऑपरेटरला ते नाव घेऊन सांगायचं आणि यूडीआयडी कार्ड पुढे ठेवायचं. डोळे आणि फोटो होतो, तेवढ्यावर अपडेट होतं. सकाळी उघडता उघडता न्या, गर्दी नसते.

निरामय काढलंय का? नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेचा आरोग्य विमा, वर्षाला १ लाखापर्यंत, सीपी बसतं त्यात, आणि फिजिओ स्पीच वगैरे थेरपीची बिलं पण लागतात. बिलं जपून ठेवा, साध्या चिठ्ठीवर चालत नाही. आणि एएफओ (पावलाला आधार द्यायचा पट्टा) किंवा सीपी चेअर लागत असेल तर एडिप या दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या योजनेत महिन्याला २२,५०० पर्यंत उत्पन्न असेल तर मोफत मिळतं, तुमचं बसतंय. ही ५० हजाराची अट सगळीकडे नाही हो, एका खिडकीवर नाही म्हणाले म्हणून बाकीच्या सोडू नका.

धागाकर्ती

दोघांचे खूप आभार, वाचताना डोळे भरून आले. एक्सेप्शन हा शब्द आज पहिल्यांदा ऐकला. एएफओ हवेच आहेत, आत्ताच्याचं वेल्क्रो गेलंय, जुन्या ओढणीची पट्टी बांधून घालते.

पंचवटीच्या ताई, येत्या मंगळवारी सुट्टी टाकून विधी सेवाला जाते. पहिल्या दिवशी काय काय न्यायचं? लग्नाची पत्रिका आहे, नोंदणी केलेली नाही, मुलाच्या जन्मदाखल्यावर नवऱ्याचं नाव आहे, तेवढं चालेल का? आणि मुलाला सोबत न्यावंच लागतं का, की आईजवळ ठेवून आले तरी चालेल? दोन जिने उतरवायचे असतात, आता १९ किलोचा झालाय.