चमचा वेगळा, हा तुतवार वेगळा

चमच्यासारख्या चोचीचा तुतवार संकटात आहे, यावर एका दादांनी विचारलंय, 'चमचा पक्षी तर जायकवाडी धरणाला थव्यानं दिसतो, मग तो संकटात कसा?' दादा, गल्लत होतेय. आपला चमचा बगळ्याएवढा. इथं बोलणं चाललंय ते चिखलात चरणाऱ्या, चिमणीएवढ्या तुतवार पक्ष्याचं. वजन जेमतेम ३० ग्रॅम, चोचीचं टोक तेवढं चमच्यासारखं पसरट. तो आपल्या जायकवाडीच्या नाथसागरावर येत नाही. अंडी घालतो रशियाच्या ईशान्य टोकाला, वाटेत चीन-कोरियाच्या मधल्या पिवळ्या (पीत) समुद्राच्या चिखलात चरतो, हिवाळा काढतो बांगलादेश-म्यानमारकडं. मग त्याला वाचवायला एकट्या देशानं काय होणार? रशियात अंडी उबवून पिल्लं वाढवून सोडली, २०१९ ला पिवळ्या समुद्राच्या चीनकडच्या किनाऱ्याचा काही भाग जागतिक वारसा झाला. मला जास्त पटलं म्यानमारचं: जाळ्यात पक्षी धरणाऱ्यांना नुसता दम दिला नाही, दुसऱ्या धंद्याला मदत केली.

आपल्याकडं धरणाचं पाणी ओसरलं की गाळपेरात, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळाच्या जमिनीत, हरभरा पडतो, आणि शेजारच्याच ओल्या चिखलात छोटे टिलवे पक्षी शिवणयंत्राच्या सुईगत चोच मारत पळत असतात. तेही उत्तर ध्रुवाकडूनच आलेले. पण पक्षी वाचवायच्या बैठकीला गाळपेरवाल्याला कोण बोलावतं?