गरम झाली की बंद: आधी ठिणगी बघा

द्वारका चौकात सिग्नलला गाडी बंद पडते, अर्ध्या तासाने आपसूक सुरू होते आणि कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) दोनदा साफ करूनही फरक नाही, असं तुम्ही लिहिलंय. तिसऱ्यांदा कार्बोरेटर खोलू देऊ नका. गार झाल्यावर आपोआप बरा होणारा दोष सहसा कचऱ्याचा नसतो.

तपासणी बंद पडल्या जागीच व्हायला हवी. गॅरेजपर्यंत नेईस्तोवर गाडी गार होते आणि मेकॅनिकला काहीच सापडत नाही. डिकीत एक चांगला जादा स्पार्क प्लग (इंजिनात ठिणगी पाडणारा) ठेवा. गाडीतल्या प्लगची वायर काढून या जादा प्लगला जोडा, त्याचा धातूचा भाग इंजिनला वायरने नीट बांधा आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. हाताने धरू नका, आणि पेट्रोलचा वास येत असेल तर हे करूच नका. ठिणगी नाही किंवा पिवळट, मरतुकडी असेल तर संशय कॉइलवर (ठिणगीसाठी जास्त दाबाची वीज तयार करणारी) किंवा इग्निशन मॉड्यूलवर (कॉइलची वीज चालू-बंद करणारं). कॉइलच्या आतली तार तापली की जोड सोडते, गार झाली की पुन्हा जुळते. माझ्या जुन्या गाडीत हेच निघालं, पण तोवर कसारा घाटाच्या चढावर दोन उन्हाळे हाल झाले.

ठिणगी निळी, कडक असेल तर पेट्रोलकडे वळा. इंजिनला लागून असलेल्या पंपात पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसती वाफ ओढत बसतो. पंपावर ओलं फडकं टाकल्यावर गाडी लगेच सुरू झाली तर हेच समजा. टाकीचं झाकण उघडताना हवा आत खेचली गेल्याचा आवाज आला, तर टाकीत हवा जायची वाट बुजलीय, म्हणून पेट्रोल पुढे येत नाही.

बघून इथे नक्की कळवा, ठिणगीचा रंगही लिहा.