मंत्र परतवणाऱ्या कवचाचा नियम कसा लिहावा?

आरसेवाला:
आमच्या गटाच्या, फासे टाकून खेळायच्या भूमिकानाट्य खेळासाठी मी एक छोटी नियमावली लिहीत आहे आणि तीत ‘आरसा’ नावाचा संरक्षक मंत्र आहे. तो एकदा लावला की लढाई संपेपर्यंत टिकतो, आणि त्याच्या धारकावर टाकलेला कोणताही मंत्र 25 टक्के शक्यतेने टाकणाऱ्यावरच उलटतो. कागदावर हे सौम्य वाटले होते. परंतु प्रत्यक्ष खेळात, गेममास्टर म्हणून मी चालवत असलेले शत्रुपक्षाचे मांत्रिक मंत्र टाकणेच टाळू लागले आणि लढाया कंटाळवाण्या झाल्या. त्यातच एकदा दोन्ही बाजूंनी आरसे लावले गेले, आणि परतलेला मंत्र पुन्हा परतू शकतो का यावर इतका वाद झाला की त्या दिवशीचा खेळ तिथेच थांबला. शक्यता कमी करावी, की नियमाची मांडणीच चुकली आहे?

रक्षामणी:
माझ्या मते मांडणीच चुकली आहे. अडवणे आणि परतवणे ही एकाच संरक्षणाची कमीअधिक रूपे आहेत असे गृहीत धरल्यामुळे हा घोटाळा होतो. सहा बाजूंच्या आठ फाशांचा अग्निगोल सरासरी 28 गुणांची इजा करतो. तो अडवला तर तुमचे 28 गुण वाचतात. परतवला तर तुमचे 28 वाचतात आणि शत्रूचे 28 जातात, म्हणजे दोन पक्षांतील फरक 56 गुणांनी बदलतो. त्यामुळे परतवण्याची किंमत अडवण्याच्या दुप्पट धरूनच हिशेब करावा.

शिवाय टक्केवारी कधी संपत नाही, साठा संपतो. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या भूमिकानाट्य खेळाच्या 3.5 आवृत्तीतील मंत्र उलटवणारा मंत्र चार बाजूंचा एक फासा अधिक 6, म्हणजे 7 ते 10 इतक्या मंत्रपातळ्या (मंत्र जितका जड, तितकी त्याची पातळी अधिक) परतवतो, आणि हा आकडा गेममास्टरने गुप्तपणे ठरवायचा असतो. ही गुप्तता मला फार मोलाची वाटते, कारण साठा किती उरला हे कोणालाच ठाऊक नसल्याने शत्रूला हलके मंत्र टाकून चाचपणी करावीशी वाटते. शेवटचा मंत्र साठ्यापेक्षा जड असेल तर तो विभागला जातो: पाचव्या पातळीचा मंत्र आला आणि दोनच पातळ्या उरल्या असतील, तर 40 गुणांच्या इजेपैकी 24 धारकाला आणि 16 टाकणाऱ्याला बसतात.

वीसबाजू:
साठ्याची कल्पना मान्य आहे, अपूर्णांक मात्र मान्य नाहीत. भर लढाईत तीन-पंचमांशाचा हिशेब करायला लावणारा नियम माझ्या अनुभवात दुसऱ्या बैठकीपर्यंत टिकत नाही. त्याऐवजी प्रतिक्रिया म्हणून, म्हणजे शत्रूच्या चालीला तिथल्या तिथे उत्तर म्हणून, एका फेरीत एकदाच आणि स्वतःची मंत्रशक्ती खर्च करून वापरायचे संरक्षण अधिक सुटसुटीत ठरते.

मात्र तिथेही आकडे फसवतात. पाचव्या आवृत्तीतील ढालीचा मंत्र आर्मर क्लासमध्ये (वार लागण्यासाठी शत्रूला गाठावा लागणारा आकडा) 5 ची भर घालतो, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर 25 टक्क्यांची सूट मिळते असे आपण म्हणतो. परंतु ज्याला मारण्यासाठी शत्रूला 11 किंवा अधिक लागतात, त्याच्यावरील धोका 50 वरून 25 टक्क्यांवर येतो, तर ज्याला मारायला आधीच 16 लागत होते, त्याच्यावरील धोका 25 वरून 5 टक्क्यांवर, म्हणजे एक-पंचमांशावर येतो. थोडक्यात, ज्याच्या अंगावर चिलखत आहे त्यालाच हे संरक्षण सर्वाधिक उपयोगी पडते. शिवाय शत्रूचा वार लागल्याचे कळल्यावर ते वापरता येत असल्याने ते सहसा वाया जात नाही. तुमचा आरसा शत्रूचा मंत्र कळण्याआधी जाहीर करायचा की नंतर, हे नियमात स्पष्ट लिहा. माझे मत ‘आधी’ला आहे, कारण चुकण्याची भीती नसेल तर निर्णयात गंमत उरत नाही.

समोरासमोरच्या आरशांविषयी: दोघांचीही शक्यता 25 टक्के असेल आणि मंत्र कितीही वेळा परतू दिला, तरी शेवटी तो 80 टक्के वेळा मूळ लक्ष्याला आणि 20 टक्के वेळा टाकणाऱ्यालाच लागतो. त्यामुळे वाद तत्त्वाचा असला तरी आकड्यांत फारसा फरक नाही. शक्यता 100 टक्के असेल तरच मंत्र अनंतकाळ फिरत राहील.

आरसेवाला:
80 आणि 20 हे आकडे पाहून, त्या दिवशी आपण कशासाठी भांडलो असे वाटले. लढाईभर टिकणारा आरसा मी काढून टाकत आहे. नवा मसुदा असा: आरसा फेरीच्या सुरुवातीला जाहीर करायचा, त्यात गुप्त साठा असेल, आणि साठ्यापेक्षा जड मंत्र आला तर आरसा फुटेल व मंत्र पूर्णपणे धारकाला लागेल. अपूर्णांक नाहीत. परतलेल्या मंत्रासाठी आकडे मूळ टाकणाऱ्याचेच वापरावेत का?

रक्षामणी:
हो. पाचव्या आवृत्तीच्या 2014 च्या मूळ नियमांतील मंत्र उलटवणाऱ्या अंगठीतही मूळ टाकणाऱ्याचीच पातळी आणि आकडे वापरले जातात. ती अंगठी केवळ धारकालाच लक्ष्य करणाऱ्या मंत्रांपुरती चालते, तीही सातव्या पातळीपर्यंत आणि बचावाच्या फाशावर (मंत्राचा परिणाम टाळण्यासाठी धारक टाकतो तो वीस बाजूंचा फासा) 20 पडले तरच. धारकाला दोन फाशांतील मोठा घेण्याची मुभा असल्याने ही शक्यता 9.75 टक्के होते. इतक्या क्वचित उलटण्याला घाबरून कोणी मंत्र सोडून तलवार उपसत नाही.

दोन आरशांसाठी 3.5 आवृत्तीत 1 ते 100 मधील आकडा फाशांनी काढून पाहायचा तक्ता आहे: 70 पर्यंत मंत्र विरून जातो, 80 पर्यंत दोघांनाही पूर्ण लागतो, 97 पर्यंत दोन्ही आरसे काही मिनिटे निकामी होतात, आणि त्यापुढे दोघेही फटीतून दुसऱ्या विश्वात जाऊन पडतात. शेवटचे तीन अंक तेवढे मी तुमच्या नियमावलीत जसेच्या तसे ठेवले असते.

वीसबाजू:
मसुद्यात एक फट राहिली आहे. अग्निगोल एका व्यक्तीवर नव्हे, तर जागेवर टाकला जातो. तो आरशाने परतवायचा तर उरलेल्या साथीदारांवरची आग कुठे जाणार? ‘केवळ धारकाला लक्ष्य करणारा मंत्र’ ही अट पहिल्याच वाक्यात घाला.